कोणत्या शब्दाने शोधावे?

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास एक खोड हळूहळू जडते. समोर कोणताही परकी शब्द आला की त्याला आपल्या भाषेतील प्रतिशब्द देऊन टाकल्याशिवाय त्याचे मन स्वस्थ होत नाही. 'ऑक्सिजन' दिसला की मी 'प्राणवायू' करते. 'सिलिंडर'चे 'नळकांडे' करण्याचा मोह मात्र एका ज्येष्ठ संपादकांनी वेळीच मोडला. ही खोड छापील पानावर निरुपद्रवी असते. परंतु चार वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या एका रात्री तिने माझा अर्धा तास खाल्ला, आणि तो अर्धा तास माझ्या मावशीचा होता.

तो 2021 चा एप्रिल महिना. महामारीची दुसरी लाट ऐन भरात होती. 1 मे रोजी तर देशात एका दिवसाच्या नव्या रुग्णांची नोंद चार लाखांवर गेली. दिल्लीत 19 एप्रिलच्या रात्रीपासून टाळेबंदी सुरू झाली होती आणि मी घरातूनच काम करीत होते. रात्री साडेनऊच्या सुमारास नागपूरहून मावसभावाचा दूरध्वनी आला. "ताई, आईचं प्रमाण अठ्ठ्याऐंशीवर आलंय. रुग्णालयात खाट नाही. डॉक्टर म्हणतात, तोवर घरी सिलिंडर लावा. मी माणसाजवळून हलू शकत नाही. तू तिकडून काही शोधतेस का?"

त्या दिवसांत असा शोध घेण्याची जागा म्हणजे ट्विटर हे समाजमाध्यम होते. (2023 च्या जुलैपासून त्याचे नाव 'एक्स' झाले आहे.) कोणत्या गावी खाट रिकामी आहे, कोठे औषध मिळते, कोण डबा पोचवील, हे सारे लोक तेथे लिहीत होते. मी शोधाच्या चौकोनात लिहिले : नागपूर प्राणवायू. जे मिळाले ते वाचून मी थक्क झाले. पुरवठ्यासंबंधीची निवेदने, एक बैठक, आणि झाडांचे महत्त्व सांगणारा एक सुविचार! ज्याच्या घरी माणूस धापा टाकीत होते, अशा एकाही मनुष्याने 'प्राणवायू' हा शब्द वापरला नव्हता. तसे ते वापरतील तरी कशाला? घाबरलेला मनुष्य तोंडात असेल तो शब्द लिहितो.

मग 'ऑक्सिजन' लिहिले. आता पोस्टचा पूर आला. परंतु तो सारा गरजूंचा. कोणाचे वडील, कोणाची पत्नी, कोणाचा शेजारी. सिलिंडर मागणारा आणि सिलिंडर देणारा हे दोघेही तेच शब्द लिहितात, आणि यंत्र तर केवळ शब्द पाहाते. पन्नास विनवण्यांमागे एखादी उपयोगी सूचना, तीही दोन दिवसांपूर्वीची!

ह्या अवस्थेत मी आमच्या हिंदी आवृत्तीतील एका तरुण सहकारिणीस फोन लावला. तिने दहा मिनिटांत जे शिकविले ते मी पुढे अनेकांना सांगितले आहे, आणि अलीकडे काही वाचकांनी जुनी पोस्ट शोधण्याविषयी विचारणा केल्यामुळे आज ह्या सदरातही सांगते.

तिचे पहिले सांगणे असे : आपल्याला काय हवे ते लिहू नकोस, ज्याच्याजवळ ती वस्तू आहे त्याने काय लिहिले असेल ते लिही. वस्तू देणारा 'उपलब्ध' लिहील, 'मिळेल' लिहील, 'रिफिल' लिहील. मागणारा 'हवा', 'पाहिजे', 'चाहिए', 'तातडीने' असे लिहील. पहिल्या गटातील शब्द चौकोनात घालायचे आणि दुसऱ्या गटातील प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर वजाबाकीचे चिन्ह ठेवायचे. हे चिन्ह शब्दाला अगदी चिकटून असावे. मध्ये जागा सुटली की त्याचा गुण जातो. ज्या पोस्टमध्ये तो शब्द असेल ती पोस्ट मग यादीतून गळून पडते.

दुसरी गोष्ट पर्यायांची. चौकोनात दोन शब्द नुसते शेजारी ठेवले तर दोन्ही शब्द असलेलीच पोस्ट मिळते. दोहोंपैकी कोणताही एक चालणार असेल तर मध्ये इंग्रजी 'ऑर' हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत लिहावा लागतो आणि ते सारे पर्याय कंसात घालावे लागतात. येथे मुद्रितशोधनाची सवय असलेल्या मला एकाएकी उजाडले. मराठीत आपण 'नागपूर' लिहितो, हिंदीत 'नागपुर' लिहितात. मराठी 'ऑक्सिजन', हिंदी 'ऑक्सीजन'. ऱ्हस्वदीर्घाच्या ज्या चुकांसाठी मी आयुष्यभर लाल शाई खर्च केली, त्यांतली प्रत्येक चूक यंत्राच्या लेखी एक स्वतंत्र शब्द असते. नागपुरात तर दोन्ही भाषा एका घरात नांदतात. शिवाय कित्येक लोक मराठीच रोमन अक्षरांत लिहितात, आणि ते प्रत्येकजण आपापल्या कानाप्रमाणे!

तेव्हा आमची ओळ काहीशी अशी झाली : (नागपूर ऑर नागपुर) (ऑक्सिजन ऑर ऑक्सीजन ऑर सिलिंडर) (उपलब्ध ऑर मिळेल ऑर रिफिल) -हवा -पाहिजे -चाहिए. छपाईच्या सोयीसाठी 'ऑर' येथे नागरीत दिला आहे. प्रत्यक्ष लिहिताना तो रोमनमध्येच हवा. हीच ओळ रोमन शब्दांनी पुन्हा लिहून दुसरा शोध घेतला. जाता जाता एक भाषिक गंमत : मराठीत 'हवा' म्हणजे पाहिजे, हिंदीत 'हवा' म्हणजे वारा. त्यामुळे आम्ही वजा केलेल्या 'हवा'बरोबर काही हिंदी पोस्टही विनाकारण गळल्या असतील. त्या रात्री मात्र ही गंमत सुचली नव्हती.

त्या काळी ही युक्ती देशभर अनेकांना एकाच वेळी सुचली होती. शहराचे नाव निवडले की अशी ओळ आपोआप तयार करून देणारी साधी संकेतस्थळे काही तरुणांनी उभी केली, आणि तिचे तयार दुवे हातोहाती फिरले. त्यांत 'व्हेरिफाइड', म्हणजे खात्री केलेले, हा शब्द आवर्जून घातलेला असे. आणि 'नॉट व्हेरिफाइड' हे दोन शब्द अवतरणचिन्हांत घालून वजा केलेले असत. अवतरणचिन्हांचे काम हे की आतील शब्द त्याच क्रमाने, लागोपाठ असतील तरच ती पोस्ट धरावयाची. 30 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समाजमाध्यमावर मदतीची याचना करणाऱ्या नागरिकांवर कारवाई होता कामा नये असे बजाविले, तेव्हा देशात ह्या याचनांचे प्रमाण किती होते ह्याची कल्पना यावी.

तिसरी गोष्ट तारखेची. इंग्रजी 'सिन्स' हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविरामाची दोन टिंबे, आणि लगेच वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमाने आडव्या रेघांनी जोडलेली तारीख, उदाहरणार्थ 2021-04-22, असे लिहिले की त्या दिवसापासूनच्याच पोस्ट दिसतात. 'अन्टिल' लिहून तारीख घातली की तिच्या आधीच्या दिसतात. मात्र ती तारीख स्वतः त्यात धरली जात नाही. म्हणून 22 तारखेपर्यंतचे हवे असेल तर 23 लिहावी. शिवाय हे दिवस आपल्या घड्याळाप्रमाणे मोजले जात नाहीत, यास्तव दोन्ही बाजूंना एक एक दिवस अधिक ठेवणे शहाणपणाचे. आम्हांला 'अन्टिल'ची गरज नव्हती. आदल्या दिवसापासूनचे तेवढे मागितले आणि यादी एकदम बोटांवर मोजण्याइतकी झाली.

सात क्रमांक निघाले. चार लागले नाहीत. एकाने आधी पैसे पाठवा म्हणून सांगितले. असे सांगून नाहीशा होणाऱ्या ठकांच्या कथा त्या दिवसांत रोज कानी येत होत्या, म्हणून तो नाद सोडला. सहावा म्हणाला, साठा दुपारीच संपला. सातवा शहराबाहेरील औद्योगिक वसाहतीतला. रिकामे सिलिंडर घेऊन या, पहाटे चारला भरून देतो, असे त्याने सांगितले. रिकामे सिलिंडर कोठून आणावे? पुन्हा तीच ओळ, ह्यावेळी 'रिकामे', 'खाली', 'परत' हे शब्द घालून. बरे होऊन घरी आलेल्या एका रुग्णाच्या मुलाने आपले सिलिंडर कोणासही देऊ केले होते. मावसभावाचा शेजारी ते रात्री दीड वाजता घेऊन आला. पाचव्या दिवशी मावशीस खाट मिळाली, आणि मेअखेर ती घरी परतली.

ह्यातली एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहिली आहे. वजाबाकीचे ते चिन्ह लावताच पन्नास विनवण्या माझ्या पडद्यावरून क्षणात नाहीशा झाल्या. ती माणसे कोठेही गेली नव्हती. मी फक्त त्यांना न पाहाण्याची तजवीज केली होती. मावशीला सिलिंडर लागल्यावर, पहाटे पाच वाजता, मी ती चिन्हे काढून टाकली आणि त्यांतील शक्य तितक्यांना त्या सातव्या क्रमांकाची वार्ता दिली. चौघांची उत्तरे आली.

आता संकटाचा प्रसंग सोडून रोजच्या व्यवहाराकडे येऊ. ह्याच खुणा एरवीही पुष्कळ उपयोगी पडतात. समजा, एखाद्या खात्याने अमुक दिवशी अमुक घोषणा केली असे चित्र कोणी आपणांस पाठविले आहे. 'फ्रॉम' हा इंग्रजी शब्द, दोन टिंबे, आणि जागा न सोडता त्या खात्याचे रोमन नाव लिहावे; पुढे घोषणेतील एखादा ठळक शब्द आणि आगेमागे तारखा द्याव्यात. तशी पोस्ट खरोखर असेल तर समोर येते. न आली तर ती नव्हतीच असे मात्र म्हणू नये, कारण पोस्ट काढूनही टाकता येते. सरकारी योजनांविषयीच्या अफवांची शहानिशा करणारा पत्र सूचना कार्यालयाचा एक विभाग 2019 च्या नोव्हेंबरपासून काम करतो. त्याच्या खात्यावर 'फ्रॉम' लावून योजनेचे नाव शोधले तर पुष्कळदा उत्तर आधीच दिलेले आढळते. ज्यांना हे टिंबांचे आणि चिन्हांचे प्रकरण कटकटीचे वाटते त्यांनी संगणकावर 'ॲडव्हान्स्ड सर्च' हे पान उघडावे. तेथे रकाने भरले की ओळ आपोआप तयार होते. खाते उघडून आत गेल्याशिवाय मात्र हल्ली हा शोध चालत नाही.

फेसबुकची गोष्ट निराळी आहे. तेथे 2013 मध्ये वाक्यासारखा प्रश्न विचारून शोधण्याची मोठी सोय आली होती, ती 2019 पर्यंत जवळजवळ नाहीशी झाली. आता वर्ष आणि गाव अशा मोजक्या चाळण्या उरल्या आहेत. गूगलमध्ये 'साइट', दोन टिंबे आणि संकेतस्थळाचा पत्ता लिहून फक्त तेवढ्याच संकेतस्थळावर शोध घेता येतो, परंतु केवळ सार्वजनिक असलेलेच त्याच्या हाती लागते.

आणि जे सार्वजनिक आहे ते सहजासहजी जुने होत नाही. 2014 च्या नोव्हेंबरात ट्विटरने 2006 पासूनच्या सर्व सार्वजनिक पोस्ट शोधाच्या कक्षेत आणल्या. म्हणजे आरंभापासूनचे सारे. हा लेख लिहिण्यापूर्वी मी 'फ्रॉम' लावून माझे स्वतःचेच नाव लिहिले आणि एप्रिल 2021 च्या तारखा घातल्या. अकरा पोस्ट निघाल्या. त्यांपैकी चारांत मावसभावाचा दूरध्वनी क्रमांक होता, दोनांत मावशीच्या घराचा संपूर्ण पत्ता, मजल्यासकट, आणि एकात तिचे वय, आजार आणि ती घरी एकटी असते हे वाक्यसुद्धा. त्या रात्री हे लिहिणे आवश्यकच होते. पुढे मात्र इतकी वर्षे, माझ्या हिंदी सहकारिणीने शिकविलेली ओळ ज्याला ज्याला येते त्या कोणालाही ते वाचता येत होते.

मी मावशीला फोन करून हे सांगितले. ती म्हणाली, "अगं, मग काढून टाक की! पण तो सिलिंडर देणारा मुलगा होता ना, त्याचं नाव तेवढं लिहून ठेव." त्याची पोस्ट शोधण्यास मला एक मिनिटही लागले नाही. नाव मावशीला कळविले, आणि माझ्या सात पोस्ट काढून टाकल्या.