उत्सवाची वही कोणाच्या हाती?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला रत्नागिरी जिल्ह्यातील वाडीवाडीत घरोघरी श्रीगणराय विराजमान होतात. तिन्हीसांजेला टाळमृदंगाच्या गजरात आरतीची मंडळी एका घरातून दुसऱ्या घरी जातात. त्यांत सर्वांत पुढे असतात ती चौदापंधरा वर्षांची मुले. माटोळीचे सामान आणणे, मखर बांधणे, सतरंज्या अंथरणे ही कामे ती हौसेने करतात. परंतु उत्सवाचे निर्णय होतात तेव्हा ही मुले कोठे असतात, हा प्रश्न या मंगल समयी आम्हांस विचारावासा वाटतो.

उत्सवाला सार्वजनिक वळण देणाऱ्या लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी याच रत्नागिरीत झाला. १८९४ च्या सुमारास पुण्यात मेळ्यांची प्रथा रुजली. मुले तालीम करीत, पद्ये म्हणत, शिस्तीने रस्त्यातून चालत. चारचौघांत उभे राहण्याचे धैर्य त्यांना उत्सवानेच दिले. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने गणेशोत्सवास ‘राज्य महोत्सव’ म्हणून घोषित केले. हा गौरव उचितच होय. परंतु उत्सवातील ही शिकवण जपणे शासनाच्या नव्हे, आपल्याच हाती आहे.

आमच्या जिल्ह्यात तर ती निकडीची गरज आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईस गेले, हाच याचा अर्थ. चाकरमानी श्रद्धेने येतात, खर्चाचा भार उचलतात आणि विसर्जनानंतर परततात. मागे उरतात वृद्ध, स्त्रिया आणि ही मुले. पुढे पावसात साकव वाहून गेला, तर ग्रामपंचायतीकडे अर्ज घेऊन कोणी जावे?

नेतृत्व भाषणांनी शिकविता येत नाही. ते जबाबदारीने अंगी येते. म्हणून आमची सूचना साधी आहे. मंडळाची जमाखर्चाची वही एखाद्या वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली मुलांनी लिहावी. प्रत्येक वर्गणीची पावती फाडावी आणि विसर्जनानंतर सर्वांसमक्ष हिशेब वाचावा. चूक झाल्यास तेथेच कबूल करावी. या कामात मुलींना बरोबरीचे स्थान असावे. जेथे स्त्रियाच गाव सांभाळतात, तेथे मुलींना वगळणे म्हणजे गावाचेच नुकसान. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या सेवेचे तास मोजले जातात. तद्वत् वाडीनेही मुलांच्या कामाची नोंद का ठेवू नये?

पैशाचा व्यवहार मुलांच्या हाती द्यावा कसा, अभ्यास बुडणार नाही ना, ही वडीलधाऱ्यांची शंका रास्त आहे. परंतु तिजोरी त्यांच्याच हाती राहो, पूजेचा मानही ज्याचा त्यालाच राहो. मुलांकडे जावी ती केवळ लेखणी, तीही दहा दिवसांपुरती.

महाभारत लिहिताना लेखणी थांबू नये, अशी अट श्रीगणेशाने घातली. तर अर्थ उमगल्याविना लिहू नये, अशी व्यासांनी. वडीलधाऱ्यांनी सांगावे, मुलांनी समजून लिहावे. यंदाच्या आरतीनंतर ती वही एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या हाती ठेवावी, एवढीच आमची प्रार्थना.