नाव किर्लोस्करांचे, कारखाना बिडदीचा

सातारा/सांगली (विशेष प्रतिनिधी) : सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर 'इनोव्हा' ही गाडी आमदारांच्या ताफ्यात दिसते आणि लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघालेल्या भाड्याच्या गाड्यांतही. ती बनविणाऱ्या कंपनीच्या नावात 'टोयोटा'च्या जोडीला 'किर्लोस्कर' आहे, याचा या भागाला विशेष अभिमान. मात्र कारखाना कर्नाटकातील बिडदीला आहे.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडल रेल्वे स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभारला. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगलीत. तेथे लोखंडी नांगर घडले. तिकडे जपानमध्ये टोयोडा घराणे यंत्रमागाकडून मोटारीकडे वळले. ही दोन घराणी मोटारींसाठी १९९७ मध्ये एकत्र आली. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर कंपनीचे उपाध्यक्ष होते. हायक्रॉसच्या अनावरणानंतर अवघ्या चार दिवसांनी, २९ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. कंपनीत किर्लोस्करांचा वाटा ११ टक्के, उर्वरित टोयोटाचा.

कंपनीची पहिली गाडी २००० मधील क्वालिस. दिसायला ओबडधोबड, पण टिकाऊ. भाड्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी तिला डोक्यावर घेतले. २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली, २००९ मध्ये फॉर्च्युनर आली. सामान्य कुटुंबासाठी २०१० मध्ये इटिऑस आणली गेली. २०२० मध्ये ती बंद झाली. स्वस्त गाडी स्वतः बनविण्याचा टोयोटाचा प्रयत्न तेथेच संपला.

लहान गाड्या सुझुकीकडून घेण्याचे धोरण आले. ग्लांझा म्हणजे मूळची बलेनो, रुमिऑन म्हणजे एर्टिगा, टायसर म्हणजे फ्रॉन्क्स. हायरायडर बिडदीत तयार होते, पण तिची मूळ रचनाही सुझुकीचीच. टोयोटाच्या स्वतःच्या गाड्या इनोव्हापासून सुरू होतात आणि फॉर्च्युनर, हायलक्स, कॅमरी, वेलफायर अशा वरच चढत जातात. सांगलीच्या शिक्षकाने किंवा दुकानदाराने टोयोटा घेतली, तरी बहुधा तो सुझुकीच घेत असतो!

या भागाच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र हायब्रीडचा आहे. टोयोटाने भारतात सर्वाधिक भर दिला तो विजेच्या मोटारीला पेट्रोल इंजिनाची साथ देणाऱ्या गाड्यांवर. हायक्रॉस आणि हायरायडर ही त्याची उदाहरणे. सातारा-सांगली पट्ट्यात ओतकाम आणि यंत्रकामाचा मोठा व्यवसाय आहे. १९२२ पासूनचा साताऱ्याचा कूपर समूह इंजिनांचे भाग बनवितो. संपूर्ण विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, हायब्रीडला लागतो. म्हणून हायब्रीड टिकले, तर येथील भट्ट्यांना काम टिकण्याची संधी अधिक.

करांनी मात्र हायब्रीडला फारसा हात दिलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या हायब्रीड गाडीवर जीएसटी व उपकर मिळून ४३ टक्के, तर फॉर्च्युनरसारख्या गाडीवर ५० टक्के कर होता. आता दोन्हींवर ४० टक्केच आहे. हायब्रीडला असलेली सात टक्क्यांची सवलत त्यामुळे संपुष्टात आली. विजेच्या गाडीवर पाच टक्के आणि ग्लांझासारख्या लहान गाडीवर १८ टक्के कर लागतो.

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरला सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. वर्षाला चार लाख हायब्रीड व विजेच्या गाड्या, हे उद्दिष्ट. मूळचे साताऱ्याचे एकनाथ शिंदे तेव्हा मुख्यमंत्री होते. एवढ्या मोठ्या कारखान्याभोवती पुरवठादारांची साखळी लागते; पण अशा साखळ्या कारखान्याच्या दारातच उभ्या राहतात, हा बिडदीचाच अनुभव. संभाजीनगर-वाळूजला सुटे भाग बनविणारे उद्योग आधीच आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करताना सातारा-सांगलीच्या कारखानदाराला वाहतुकीचा जादा खर्च भरून काढावा लागेल. त्याहून अधिक महत्त्वाचे, त्या चार लाखांत हायब्रीड किती आणि विजेच्या किती, यावरच त्याला मिळणाऱ्या कामाचे प्रमाण ठरणार आहे.