झाडात सोडलेला दोर

सडक अर्जुनी तालुक्यात जंगल गावाच्या वेशीपर्यंत येते. मुंबई-कोलकाता महामार्गावरून जाणाऱ्याला दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह आणि तेंदूची झाडे दिसतात. पलीकडे २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. या भागात झाडाशी संबंध नसलेले घर शोधावे लागेल. मोहफुले जमिनीवरून वेचता येतात, तेंदूची पाने हाताच्या उंचीवर मिळतात. पण जांभूळ, चिंच, चारोळी आणि मुख्य म्हणजे आग्या मोहोळाचा मध यांसाठी वर जावे लागते. वर गेलेला माणूस खाली कसा येतो, हा प्रश्न आरोग्याचा आहे. आपण मात्र तो नशिबावर सोडून दिला आहे.

आधी साधे गणित पाहू. २० फुटांवरून सुटलेला माणूस सुमारे १.१ सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर असतो. ४० फुटांवरून पडला तर हाच वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास जातो. मोटारसायकलवर या वेगाने धडकणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असावे, असा कायदा आहे. झाडावरून पडणाऱ्याच्या अंगावर काहीच नसते. तो पायांवर पडला तर टाचेचे हाड मोडते आणि तोच धक्का वर जाऊन कमरेच्या मणक्याचा चुरा करतो. पाठीवर किंवा मानेवर पडला तर मज्जारज्जूला इजा होते. मज्जारज्जू एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळतो आणि त्याच्या सेवेसाठी दुसऱ्या कोणाची तरी मजुरी बुडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, झाडावरून पडण्याला डब्ल्यू१४ असा स्वतंत्र संकेतांक आहे. जगभरात हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याला वेगळी ओळ द्यावी लागली. आपल्या दवाखान्यांच्या नोंदवहीत केवळ 'पडून जखमी' असे न लिहिता 'झाडावरून पडून' असे लिहिले गेले, तर कोणत्या महिन्यात, कोणत्या कामात, किती माणसे पडतात हे कळू लागेल. मोजल्याशिवाय कोणताही आजार आटोक्यात आलेला नाही.

आता दुसरी बाजू बघा. झाडावर चढणे हा जगात एक छंदही आहे. अमेरिकेतील अटलांटा येथे पीटर जेन्किन्स यांनी १९८३ मध्ये 'ट्री क्लायम्बर्स इंटरनॅशनल' ही संस्था सुरू केली आणि दोर-पट्टा लावून हौसेने झाडावर चढण्याचे शिक्षण देणे सुरू झाले. त्याच सुमारास शास्त्रज्ञही दोराने झाडांच्या शेंड्यापर्यंत पोहोचू लागले होते. भारतातून अमेरिकेत गेलेल्या नाडकर्णी कुटुंबातील डॉ. नलिनी नाडकर्णी हे त्यातले मोठे नाव. उंच झाडांच्या फांद्यांवर साचलेल्या मातीत झाड स्वतःचीच मुळे सोडते, हे त्यांनी १९८१ मध्ये जगासमोर मांडले. त्यासाठी त्यांनी शेकडो वेळा दोरावरून वर-खाली केले. २०१५ मध्ये मात्र अशाच एका चढाईत दोराने दगा दिला आणि त्या सुमारे ५० फुटांवरून खाली पडल्या. मणके, बरगड्या आणि कमरेचे हाड मोडले. सोबत माणसे होती, हेलिकॉप्टर आले, म्हणून त्या वाचल्या, बऱ्या झाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. उत्तम साधने आणि काही दशकांचा अनुभव असूनही दोर दगा देऊ शकतो. मग दोरच नसेल, किंवा विहिरीवरचा जुना दोर असेल, तर काय होईल?

छंदिष्टांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून या विषयात जे ज्ञान जमवले आहे, ते मध काढणाऱ्याच्या थेट उपयोगाचे आहे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दोर कोणत्या फांदीवरून टाकायचा आणि काम झाल्यावर झाडात काय सोडायचे.

आधी फांदीची निवड. दोर टाकण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारावी. बुंध्यावर अळंबी उगवली असेल, खोडात पोकळी असेल, वीज पडल्याची भेग असेल, तर ते झाड सोडून द्यावे. जवळून विजेची तार जात असेल तर विचारच करू नये. फांदी जिवंत हवी, पानांनी भरलेली हवी आणि निदान चार इंच व्यासाची, म्हणजे पोटरीएवढी जाड हवी. दोर खोडाला लागून असलेल्या बेचक्यात बसला पाहिजे. फांदीवर जितके बाहेर जावे तितकी ती लवकर मोडते. झाडाची जातही पाहावी. चिंच चिवट असते. जांभूळ दिसायला भक्कम, पण त्याची फांदी कडकन तुटते. शेवग्यावर तर कोणी चढूच नये, हे घरातली म्हातारी माणसे सांगतातच.

फांदीवर भार किती येतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दोराचे एक टोक बुंध्याला बांधले, दोर फांदीवरून घेतला आणि दुसऱ्या टोकाला ६० किलोचा माणूस लोंबकळला, तर फांदीवर ६० नव्हे, जवळजवळ १२० किलोचा भार येतो. कारण माणूस एका बाजूने खाली ओढतो आणि बुंध्याला बांधलेली बाजू तितक्याच जोराने दुसरीकडून ओढते. म्हणून चढण्यापूर्वी दोघा-तिघांनी जमिनीवरूनच दोराला लोंबकळून फांदी तपासायची असते. मोडायचीच असेल तर ती तेव्हा मोडू द्यावी, आणि लोंबकळणाऱ्यांनी फांदीच्या बरोबर खाली उभे राहू नये.

आता सोडलेल्या दोराची गोष्ट. एकदा बारीक दोरीला वजन बांधून, नेम धरून ती योग्य बेचक्यातून नेली की पुढच्या वेळी तीच मेहनत नको, म्हणून दोर झाडातच ठेवण्याचा मोह होतो. नेमका हाच धोका आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी कृत्रिम धाग्यांची साखळी तुटत जाते. बाजारात स्वस्त मिळणारा पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि तो उन्हात सर्वांत लवकर खराब होतो. नायलॉन त्याहून बरा, पण तोही ऊन खातो आणि ओला झाला की त्याची ताकद कमी होते. विदर्भातला उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा अशा दोराला काय करतो, हे सांगायला नको. शिवाय खारी दोर कुरतडतात. वर ४० फुटांवर एकाच जागी कुरतडलेला दोर खालून धडधाकट दिसतो.

म्हणून नियम असा की चढण्याचा दोर झाडात कधीही सोडायचा नाही. सोडायचीच तर बारीक दोरी सोडायची. पुढच्या वेळी तिच्या आधाराने मुख्य दोर वर ओढून घ्यायचा असतो, तिच्यावर माणसाचा भार कधीच टाकायचा नसतो. तिची टोके मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच अडकवायची आणि हंगाम संपला की तीही काढून घ्यायची.

ती फांदीला गाठ मारून बांधू नये, यामागे झाडाचे शरीरशास्त्र आहे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थराने खाली येते आणि फांदी जाड होते तीही सालीलगतच्या थरामुळे. गाठ आवळलेली राहिली तर वाढती फांदी त्या दोरीत रुतते, अन्नाची वाट बंद होते आणि फांदी हळूहळू वाळते. म्हणजे यंदाच्या सोयीसाठी बांधलेली गाठ काही वर्षांनी त्याच जागी मेलेली फांदी तयार करते. दोर सालीवर घासू नये म्हणून बेचक्यात जुन्या जाड पाइपचा किंवा चामड्याचा तुकडा घालतात. त्याने साल वाचते आणि दोरही वाचतो.

मधाच्या कामात आणखी एक धोका आहे. रात्री मशाल घेऊन पोळे जाळण्याची जुनी रीत आणि प्लास्टिकचा दोर ही जोडी जीवघेणी आहे. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, नायलॉन २२० ते २६० अंशांना. मशालीची ज्योत याहून कितीतरी तापलेली असते. ज्योत क्षणभर दोराला लागली तरी पुरे. वर्ध्याच्या सेंटर फॉर बी डेव्हलपमेंटने आणि डॉ. गोपाल पालीवाल यांनी विदर्भात याला पर्याय दाखवला आहे. अंगात संरक्षक पोशाख घालून, पोळे न जाळता, फक्त मधाचा भाग कापायचा आणि अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवायचा. माशा वाचतात, मध स्वच्छ निघतो आणि माणसाला आगीपासून लांब राहता येते. मात्र हौसेने चढणाऱ्याने आग्या मोहोळ असलेल्या झाडाच्या जवळही जाऊ नये. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की आमचे वाडवडील दोराशिवाय चढत होते, त्यांना काय झाले? त्यांचे कौशल्य खरेच आहे. पायाच्या अंगठ्याने खोड ओळखणारी माणसे आजही या तालुक्यात आहेत. पण ही गोष्ट सांगायला जे उरले, त्यांचीच आपण गणती करतो. जे पडले ते सांगायला येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. दोर हाती आला की माणूस नको तितका धीट होतो. तोही खरा आहे, म्हणून शिकवल्याशिवाय दोर देऊ नये. एकट्याने चढू नये, हा पहिला धडा. पट्ट्यात लटकलेला माणूस बेशुद्ध झाला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. त्याला खाली उतरवू शकणारा दुसरा माणूस जमिनीवर हवाच.

आणि कोणी पडलाच, तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, खाटेत गुंडाळून नेऊ नका. श्वास चालू आहे का पाहा, १०८ ला फोन करा, डोके आणि मान एका रेषेत धरून ठेवा. हलवावेच लागले तर चार-पाच जणांनी मिळून संपूर्ण शरीर एकदम कुशीवर वळवा आणि खाली फळी किंवा दाराचे फळकूट सरकवा. मणका मोडला तरी मज्जारज्जू अनेकदा शाबूत असतो. तो तुटतो घाईच्या उचलाउचलीत.

मग करायचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजाचा हक्क दिला आहे. त्या उत्पन्नातून प्रत्येक ग्रामसभेने एक प्रमाणित दोर, दोन कंबरपट्टे, हेल्मेट आणि मधाचा पोशाख असा एक संच ठेवावा. दोर कधी घेतला, कधी वापरला याची वही ठेवावी. प्रत्येक वेळी तो पूर्ण लांबीभर बोटांतून फिरवून पाहावा. कडक झालेला, रंग उडालेला, केस निघालेला दोर सरळ कापून टाकावा, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या हाती पडणार नाही. वापरला नसला तरी दहा वर्षांनंतर दोर बाद समजावा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणे गुन्हा आहे, याची आठवण पाहुण्या छंदिष्टांनी ठेवावी.

शासनाकडूनही एक अपेक्षा आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून होणारा मृत्यू धरला जातो आणि कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी सातबाऱ्यावर घरातल्या कोणाचे तरी नाव लागते. मधासाठी सर्वांत उंच चढणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो. त्याचा सातबारा म्हणजे ते झाडच. ग्रामसभेच्या यादीत वनोपज गोळा करणारा म्हणून ज्याचे नाव आहे, त्याला हे संरक्षण मिळाले पाहिजे. मधाचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी सडक अर्जुनीतल्या ग्रामसभांनी दोराचा आणि या मागणीचा असे दोन ठराव एकाच बैठकीत घ्यावेत.