एका बेटाचा धनेश

अंदमान म्हटले की मराठी मनाला प्रथम सेल्युलर तुरुंगाचे स्मरण होते. परंतु नकाशावर उत्तर अंदमानपासून पूर्वेकडे बोट सरकवीत नेले, तर सुमारे सव्वाशे किलोमीटरवर भर समुद्रात एक एकाकी ठिपका सापडतो. त्याचे नाव नारकोंडम. या महिन्यात आम्ही वाचकांना तिकडे नेत आहोत.

हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक निद्रिस्त ज्वालामुखी. दक्षिणेकडील बॅरन बेट अजूनही अधूनमधून धूर व राख ओकते. नारकोंडम मात्र शांत आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस किलोमीटर, तर शिखराची उंची ७१० मीटर. किनारा बव्हंशी खडकाळ, आणि उतारांवर घनदाट अरण्य. येथे मूळची मानववस्ती नाही. १९६९ साली पोलिसांची एक चौकी स्थापन झाली. तेथील मोजके शिपाई हेच काय ते रहिवासी.

या बेटाचा खरा धनी एक पक्षी आहे. नारकोंडमचा धनेश जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. नराचे डोके व मान तांबूस, मादी मात्र काळी. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड लिंपून घेते आणि एवढीशी फट ठेवते. त्या फटीतून नर तिला व पुढे पिलाला भरवितो. म्हणजे एक नर मारला गेला, तर ढोलीतले सारे कुटुंबच उपाशी पडते. उंबराच्या जातीची फळे खाऊन हे पक्षी बिया रानभर पसरवितात. रान धनेशाला पोसते आणि धनेश रानाला.

माणूस आला तो शेळ्या घेऊन. चौकीसाठी आणलेल्या शेळ्या रानात मोकाट वाढल्या आणि कोवळी रोपे फस्त करू लागल्या. मोठी झाडे उभी होती, पण त्यांच्या जागी येणारी पिढीच खुंटत होती. पुढे शेळ्या हलविण्यात आल्या. २०१९-२० च्या पाहणीत धनेशांची संख्या सुमारे एक हजार आढळली, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि प्रश्न तेथे संपला नाही. तटरक्षक दलाच्या रडार केंद्राला पर्यावरण मंत्रालयाने २०१२ साली नकार दिला. २०१४ साली मात्र त्याला मंजुरी मिळाली. सीमेवरील बेटावर पहारा हवा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सात चौरस किलोमीटरांत रस्त्यासाठी तोडलेल्या प्रत्येक जुन्या वृक्षाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण ढोल्या अशाच वृक्षांत असतात.

गोव्याच्या किंवा दांडेलीच्या रानात आमच्या अनेक वाचकांनी महाधनेश पाहिला असेल. दुर्दैवाने तो उद्या तेथून नाहीसा झाला, तरी ईशान्य भारतात त्याचे भाईबंद उरतील. नारकोंडमच्या धनेशाला मात्र दुसरे घर नाही. आपल्यापैकी फारच थोडे जण त्या बेटावर कधी पाऊल ठेवतील. तरीही त्या रानाची खबर घेत राहणे आम्ही आपल्या सर्वांचे कर्तव्य समजतो.