केकसाठी चॉकलेट घेताना पाकीट उलटून बघा

पुण्याच्या बोहरी आळीत केकचं सामान विकणाऱ्या दुकानात 'डार्क चॉकलेट द्या' म्हटलं की बहुतेक वेळा समोर येतो तो कंपाउंडचा स्लॅब. आपण विचारल्याशिवाय कुणी ते सांगत नाही. मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, आणि माझं स्पष्ट मत आहे की चॉकलेट मागणाऱ्याला चॉकलेटच मिळालं पाहिजे. कंपाउंड द्यायचं तर तसं सांगून द्यावं.

फरक किरकोळ नाही. चॉकलेटमधली चरबी म्हणजे कोको बटर. ते साधारण ३४ अंशांना वितळतं, आपल्या अंगाच्या उष्णतेहून जरासं कमी. म्हणून तुकडा जिभेवर ठेवला की चावायच्या आत विरघळायला लागतो. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी पामसारख्या तेलापासून केलेली वनस्पती चरबी असते आणि चवीपुरती कोको पावडर. त्याचं गनाश दिसतं काळंभोर, चकचकीत. पण घास गिळल्यावर टाळूला मेणचट थर चिकटून राहतो. फ्रिजमधून काढलेल्या केकवर तर तो फारच जाणवतो.

कंपाउंड टाकाऊ नाही. त्याला टेम्परिंग लागत नाही, उन्हाळ्यातही ते लवकर मऊ पडत नाही. केकवरची पानंफुलं करायला मीही तेच वापरते. पण ब्राउनी, गनाश आणि मूस यांत सगळी चव चॉकलेटचीच. तिथे तडजोड नको.

दर्शनी बाजूच्या चित्रावर जाऊ नका, पाकीट उलटा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. कोको सॉलिड्स आणि कोको बटर वरच्या बाजूला दिसलं तर बिनधास्त घ्या. साखरेच्या लगेच मागे 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' असेल, तर ते कंपाउंडच. चॉकलेटमध्येही ५ टक्क्यांपर्यंत इतर वनस्पती चरबी घालायची मुभा आहे, म्हणून नुसतं नाव नको, क्रमही बघा.

त्यासाठी विलायती मालच हवा असं मुळीच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं अमूलचं ५५ टक्के डार्क ब्राउनीत उत्तम लागतं. ७५ टक्क्यांचं घेतलंत तर साखर जरा वाढवा.

चॉकलेट महाग पडतं, हे खरंच. आयव्हरी कोस्ट आणि घाना इथलं पीक बिघडलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. त्याआधी कित्येक वर्षं तो दोन-तीन हजारांच्या आसपास असायचा. अशा वेळी एखादी घरगुती बेकर कंपाउंडकडे वळली तर मी तिला दोष देणार नाही. मात्र तिने ऑर्डर घेतानाच दोन्हींचे वेगळे भाव सांगावेत. मी सांगते, आणि वाढदिवसाच्या केकसाठी चॉकलेटचा जास्तीचा भाव आनंदाने देणारी गिऱ्हाइकं भेटतात.

मला सगळ्यात खटकतात त्या सुट्या तुकड्यांच्या पारदर्शक पिशव्या. त्यांच्यावर ना घटक, ना तारीख, ना कंपनी. दुकानदारांना कळकळीची विनंती आहे, स्लॅब फोडून विकायचा असेल तर मूळ वेष्टन गिऱ्हाइकाला दाखवा. आणि तुम्ही केक करणारे असाल, तर वेष्टन बघायला मिळाल्याशिवाय ती पिशवी घेऊ नका.