कोर्टात कोणालाही येता येतं, मग सुरक्षा ठेवायची कशी?

अकोला असो की अमरावती, कारागृहातून आरोपींना कोर्टात नेणाऱ्या पोलिसांना ‘कैदी पार्टी’ म्हणतात. आरोपी पळू नये, हे त्यांचं काम. पण त्याच्यावरच हल्ला झाला तर?

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात तेच झालं. कस्तुरबा नगरच्या रहिवाशांवर वर्षानुवर्षं दहशत बसवणाऱ्या अक्कू यादवला जमावाने तिथेच ठार केलं. सोबत पोलीस होते. २०२१ मध्ये दिल्लीच्या रोहिणी कोर्टात गँगस्टर गोगीवर गोळ्या झाडणारे तर वकिलांच्या वेशात आत शिरले होते.

खरी अडचण दारातच आहे. सुनावणी खुली असते, त्यामुळे पक्षकार, साक्षीदार, नातेवाईक कोणालाच सरसकट अडवता येत नाही. काळ्या कोटाची झडती घ्यायची म्हटली तर वाद ठरलेला!

ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने उच्च न्यायालयांना सुरक्षा आराखडा करायला सांगितलं. त्यात प्रत्येक संकुलासाठी कायमस्वरूपी सुरक्षा पथक, बॅग स्कॅनर आणि सीसीटीव्ही तर आहेतच, शिवाय रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची सोयही आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार न्यायालयीन कोठडी वाढवताना आरोपीला व्हिडिओद्वारे हजर करता येतं. त्यामुळे कैदी पार्टीच्या फेऱ्या कमी होऊ शकतात. दारातली गर्दी मात्र तेवढीच राहते.