रस तेवढा वाढला, सुंगटं नाही वाढली



गेल्या वर्षी मासेमारी बंदी उठल्यावर आपल्या संस्थेचं जेवण झालं, तेव्हाची गोष्ट. एका होडीवाल्या सभासदाचा चार वर्षांचा मुलगा पंगतीला होता. त्याला सुंगटांची ॲलर्जी आहे, हे त्याच्या आईने आधीच सांगितलं होतं. वाढायला आम्हीच होतो. आम्ही म्हटलं, "वहिनी, काळजी नको. सुंगटं काढतो, हुमणाचा रस तेवढा वाढतो."

दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास लागला. मासळीच्या टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेलं. पोर वाचलं. पण चूक आमची होती, आणि ती आज इथे कबूल करतो.

त्या बाईला आपल्यापैकी कितीजणांनी काय काय ऐकवलं ते आठवा. "रापणकाराच्या घरात जन्माला येऊन सुंगटं सोसत नाहीत?" "थोडं थोडं दे, सवय होईल." "लाड करून ठेवलेत." आम्हीही त्यातलेच. म्हणून स्पष्ट बोलतो.

ॲलर्जी म्हणजे नखरे नव्हेत. सुंगटातल्या एका प्रथिनाला ते शरीर शत्रू समजतं. ते प्रथिन उकळून, तळून किंवा वाळवून जात नाही. ते रसात उतरतं, तळणीच्या तेलात राहतं, गालमोच्या भुकटीत असतं. काहींना शिजताना उठणाऱ्या वाफेनेही त्रास होतो. सुंगटं न सोसणाऱ्याला कुर्ल्या आणि शेवंडही बहुतेक वेळा सोसत नाहीत. दुधाची, अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची वय वाढलं की जाते. सुंगटांची सहसा जात नाही. 'सवय होईल' म्हणून घरी प्रयोग करणं म्हणजे पोराच्या जिवाशी खेळ.

पण उलट टोकही नको. बांगडा, इसवण यांतलं प्रथिन वेगळं. सुंगटं बंद म्हणून मासळीच बंद, असं आपल्या मनाने ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. आणि बांगडा-तारली बर्फाविना तापली तर ती खाऊनही तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. ती ॲलर्जी नव्हे, ती आपल्या हलगर्जीपणाची विषबाधा.

आपल्या घरांत ही गोष्ट जास्त अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. आई दिवसभर सुंगटं निवडते, बाप तेच जाळं घरी आणतो. धंदा सोडा असं कोणी म्हणत नाही. घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवावेत, कपडे बदलावेत, मग लेकराला उचलावं. त्याची कढई आणि डाव वेगळा ठेवावा.

श्वास लागला, आवाज बसला, पोर गळून पडलं, तर वाट बघू नका. खाजेची गोळी श्वास मोकळा करत नाही. डॉक्टरांनी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्या. १०८ ला फोन करा. पोराला चालवू नका. आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसतं ठेवा. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात न्याच. त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

आमचं मत असं की, ही जबाबदारी एकट्या आईवर टाकणं चुकीचं आहे. या वर्षीच्या जेवणात शिवराक पदार्थ वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत होतील, आणि अशा मुलांना आधी वाढलं जाईल. जेटीवर रात्री कोणाची गाडी हाताशी असेल, ते ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लिहिलं जाईल. तुमच्याकडून एवढंच हवं: दुसऱ्याच्या पोराच्या हातात काही ठेवण्याआधी त्याच्या आईला विचारा.

तो मुलगा आता पाच वर्षांचा आहे. बापाच्या होडीत बसून वल्ह्याला हात लावतो. सुंगटं खात नाही म्हणून तो आपल्यातला कमी होत नाही.

आपला,
सचिव, संस्थेच्या वतीने